हाताला कळणारा लाल

सीट काढली की मागच्या बाजूला एक बोल्ट दिसतो, तो सोडवायचा, पेट्रोल कॉकची रबरी नळी ओढून काढायची आणि टाकी दोन्ही हातांनी धरून मागं सरकवायची, पुढची रबरं तिला आपसूक सोडतात. हिरो होंडा सीडी हंड्रेडची टाकी काढायला एवढंच लागतं. आमची काही लगेच निघाली नाही. बोल्ट गंजून धरला होता, रात्रभर त्यावर डिझेल सोडून ठेवलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पाना फिरला, आणि टाकी हातात आल्यावर मी तिथंच अंगणात थांबलो कारण ती इतकी हलकी होती की मला खरंच वाटेना. ह्याच टाकीवर बसून मी बालवाडीत जायचो, पुढं हँडलचा मधला दांडा दोन्ही मुठींनी धरलेला, मागून अण्णांची छाती टेकलेली, आणि उन्हाळ्यात पत्रा असा तापलेला असायचा की आई खाली टॉवेलची घडी घालून द्यायची.

गाडी १९९१ ची. अण्णा साखर कारखान्याच्या शेतकी विभागात चिटबॉय होते, म्हणजे कुणाच्या रानात कुठली लागण कधी झाली, खोडवा कुठला, तोडीला कोण आलं, ह्या सगळ्या नोंदी ठेवत गावोगाव फिरायचं. आधी सायकलवर आणि मग कर्ज काढून ही लाल सीडी हंड्रेड. त्या काळात म्हणजे १९८५ पासून पुढं ह्या गाडीनं कमालच केली होती, तोपर्यंत बुलेट सोडली तर मोटरसायकल म्हटलं की टू-स्ट्रोक, ऑइल मिसळलेलं पेट्रोल आणि मागं निळसर धूर, ही पहिली फोर-स्ट्रोक हंड्रेड सीसी घरोघरी पोचली. तिची जाहिरात अजून लोकांना पाठ आहे, फिल इट, शट इट, फर्गेट इट. भरा, बंद करा, विसरून जा. अण्णांनी पहिल्या दोन गोष्टी पंचवीस वर्षं नेमानं केल्या, तिसरी मात्र त्यांना कधी जमली नाही, रविवारी सकाळी गाडी धुतल्याशिवाय ते आंघोळीला जायचे नाहीत.

मग काचबिंदू निघाला. ह्या रोगात आधी बाजूचं दिसणं जातं, समोरचं बरेच दिवस शाबूत असतं, त्यामुळं माणसाला आपलं काही जातंय हे कळतच नाही. अण्णांना ते कळलं तेव्हा एक बैलगाडी डावीकडून आली होती आणि ती त्यांना दिसलीच नव्हती. काही झालं नाही, पण त्या दिवशी ते गाडी हातानं ढकलत घरी आले आणि सोप्यात लावली ती कायमची. गेलेली नजर ह्यात परत येत नाही, औषधांनी आहे तेवढी टिकवायची असते. आता त्यांना दारातला उजेड कळतो, माणूस आला हे कळतं, कोण आलं ते आवाजावरून.

त्यामुळं मी टाकी रंगवायला काढली तेव्हा घरात सगळ्यांना एकच प्रश्न पडला. आईनं तो सरळ विचारला, "त्यांना दिसणार न्हाय, तुला चालवायची न्हाय, मग रंग कुणासाठी?" मी पुण्यात असतो, शनिवार-रविवार कराडला येतो, हातानं काम करायची सवय नाही. मला उत्तर देता आलं नाही. फक्त एवढंच माहीत होतं की ती टाकी तशी बघवत नव्हती. आठ-नऊ वर्षं उभी राहून वरचा रंग खवल्यासारखा सुटला होता आणि झाकणाभोवती गंजाचं कडं झालं होतं.

ज्याला हे काम करायचंय त्यानं रंगाच्या आधी आतलं बघावं, हे मी कळकळीनं सांगतो. पेट्रोल काढून टाकलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं नसतं, आत वाफ राहते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफच पेट घ्यायचा धोका जास्त. कॉक काढून, साबणाच्या पाण्यानं चार-पाच वेळा खळखळून धुऊन, झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात ठेवली, तोवर ग्राइंडर सोडाच, घासायचा तारेचा ब्रशसुद्धा मी जवळ नेला नाही. तिसऱ्या दिवशी आत टॉर्च मारला तर तळाला विटकरी चिखल. मेकॅनिक म्हणाला, जुन्या टाक्यांचं हल्ली असंच होतं, पेट्रोलमधल्या इथेनॉलनं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी रोज चालती असेल तर प्रश्न नाही पण महिनोन्महिने उभी राहिली की पाणी खाली बसतं आणि पत्रा खायला लागतं. आमच्या गाडीत मी दोन वर्षांपूर्वी चालू होते का बघायला लिटरभर पेट्रोल घातलं होतं, ते तसंच राहिलं. हे ऐकताना मला कसंतरीच झालं. कारण ते इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाच्या मळीतून आणि रसातून निघतं, ज्या उसाच्या नोंदी अण्णांनी ह्याच टाकीवर वही टेकवून लिहिल्या. ह्यात कुणाचा दोष नाही, उसाला भाव मिळायचा तर डिस्टिलरी लागतेच, आणि चूक काय ती पेट्रोल घालून विसरणाऱ्या माझी.

आतला गंज व्हिनेगरनं काढला. टाकी गळ्यापर्यंत व्हिनेगरनं भरून दीड दिवस ठेवली, मधून मधून आत मूठभर नट टाकून हलवली, मग ओतून देऊन खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि आईच्या हेअर ड्रायरनं लगेच वाळवून आत थोडं ऑइल फिरवलं. लगेच म्हणजे खरोखर लगेच. ओला उघडा पत्रा अर्ध्या तासात परत तांबूस होतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

मग रिमूव्हर. गॅरेजवाले ज्याला रिमूव्हर म्हणतात तो दाट जेलीसारखा असतो, जाड हातमोजे आणि मोकळी हवा दोन्ही पाहिजेच, एक थेंब मनगटावर उडाला तर विंचू चावल्यासारखी आग होते. ब्रशनं जाड थर द्यायचा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा म्हणजे वाळत नाही. दहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या यायला लागतात, सायीसारखा तो वर उचलला जातो, आणि मग बोथट पत्रीनं तो एका बाजूनं ढकलत आणायचा. वरचा लाल निघाला, तो २००४ च्या सुमाराला गावातच मारून घेतलेला, थोडा नारिंगीकडं झुकणारा. त्याच्याखाली करडा प्रायमर. त्याच्याखाली कंपनीचा मूळ लाल, आणि तो इतका खोल, इतका शांत लाल होता की मी पत्री खाली ठेवली. वीतभर जागेत तो तसाच ठेवून मी फोटो काढून घेतला, पुढं रंग जुळवायला तोच कामाला आला. (आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते, त्यामुळं लाल सोडून दुसरा रंग हा विचार मी तसाही केला नव्हता.)

डाव्या बाजूला मात्र मूळ लाल लागलाच नाही. तिथं रिमूव्हर लावला तर पिवळट भुगा यायला लागला, ती लांबी होती, म्हणजे पुट्टी, आणि थोडीथोडकी नाही, बोटाच्या पेराएवढी जाड. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर भरू नये, गाडीच्या थरथरीनं ती तडकते, आणि ही खालून तडकलेलीच होती. सगळी काढली तेव्हा खाली वाटीएवढा पोचा. हँडल वळून आदळतं त्या जागेच्या थोडं मागं.

अण्णा ओसरीवर बसून खरखर ऐकत होते. मी म्हटलं, "अण्णा, डाव्या बाजूला मोठा पोचा हाय." ते लगेच म्हणाले, "गुडघ्यापाशी ना? त्यानं पत्रा वर काढलाच न्हाय, नुसती लांबी थापली. मला रोज कळायचं." मी विचारलं दिसत तर नव्हता, मग कळायचं कसं. "गुडघ्याला. दोन्ही गुडघ्यांना टाकी सारखी लागत नव्हती." मग त्यांनी सांगितलं की त्या साली पावसात, तोडीच्या ट्रॉलीतून पडलेल्या पाचटावर रात्री गाडी घसरली होती, लागलं काही नव्हतं, उगाच घरात काळजी नको म्हणून बोलले नाहीत. हे एवढंच सांगून ते परत त्या पेंटरच्या कामावर आले, वीस वर्षांनंतरही त्यांना राग पडण्याचा नव्हता, पत्रा न उचलता लांबी भरण्याचा होता.

तिथून पुढं माझं काम बदललं. टाकी बंद भांडं असतं, आतून हातोडी मारून पोचा बाहेर काढता येत नाही, म्हणून गरम गोंदानं चिकटवून ओढायचा पुलर आणला आणि दोन दिवसांत पोचा निम्म्याच्या वर आला. उरलेल्यासाठी पातळ पुट्टी. ही पुट्टी हार्डनर घालून कालवतात, हार्डनर अगदी थोडा, शंभराला दोन एवढा, जास्त झाला तर पत्र्यावर जायच्या आत भाकरीच्या तुकड्यासारखी कडक होते, कमी झाला तर चिकट राहते. लावली, वाळली, १२० च्या पॉलिश पेपरनं घासली, मग २२०, मग ३२०. घासायला पेपर नुसत्या बोटांनी धरायचा नाही, बोटांची चरं उमटतात, खाली काहीतरी सपाट पाहिजे. मी जुन्या स्लीपरचा तुकडा कापून घेतला, वाकतोही आणि सपाटही राहतो, गोल टाकीला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

मला ती जागा एकसारखी दिसत होती. समाधानानं मी टाकी अण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी तळहात टेकवला, बोटं नाही, पूर्ण तळहात, आणि झाकणाकडून गुडघ्याकडं एकदाच नेला, जोर न देता, वासराच्या पाठीवरून नेतात तसा. "हितं खोल हाय," म्हणाले, "आणि ह्याच्या वर एक उंचवटा. दोन्हीच्या मधी तू जास्त घासलंस." मला बोटांना काही लागेना. पेंटर लोक एक युक्ती करतात, प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ धुरळा मारतात आणि मग घासतात, खोलगट जागी काळं शिल्लक राहतं, उंच जागी आधी उडून जातं. मी ते केलं. बरोब्बर त्याच जागी काळा डाग राहिला, चिंचोक्याएवढा.

चार शनिवार-रविवार हेच चाललं. मी घासायचो, अण्णा हात फिरवायचे, "अजून" म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला डोळे मिटून हात फिरवायला लावला, आणि हातरुमाल मधी ठेवून, म्हणजे हात घसरतो आणि पत्र्याचा चढउतार तेवढा कळतो. तिसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं. सांगता येत नाही असं काहीतरी असतं ते, हात एका जागी किंचित खाली जातो, एवढंसंच, श्वास घेताना पोट हलतं तेवढं. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "हितं." ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी आईला सांगितलं की ह्याला आता कळायला लागलंय.

रंगाची घाई मात्र मी केलीच. मेच्या शेवटी वळवाची चिन्हं दिसायला लागली आणि पाऊस सुरू व्हायच्या आत उरकावं म्हणून बाजारातून स्प्रेचे डबे आणले, प्रायमर, लाल आणि क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर. वीतभरापेक्षा जरा लांबून, हात टाकीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढवायचा, पातळ थर, मधी पंधरा मिनिटं थांबायचं, सगळं नीट केलं आणि टाकी खरोखर सुंदर दिसायला लागली. आठ दिवसांनी गाडीवर बसवली, पेट्रोल घातलं, चार थेंब झाकणाशी सांडले. फडक्यानं पुसायला गेलो तर फडकं लाल. झाकणाखालचा रंग मऊ होऊन दुमडला, मुंग्यांनी वारूळ केल्यासारख्या रेषा गुडघ्यापर्यंत उतरल्या. साध्या स्प्रेच्या डब्यातला क्लिअर नुसता वाळतो, पक्का होत नाही, पेट्रोल लागलं की परत विरघळतो. टाकीला हार्डनरवालाच क्लिअर लागतो. हे मला माहीत असायला हवं होतं, पेट्रोलच्या टाकीला रंग देतोय आणि पेट्रोलचाच विचार केला नाही, ह्याचं मला फार वाईट वाटलं. चार आठवड्यांचं काम होतं आणि ते एकट्या माझं नव्हतं.

अण्णांना सांगितलं. त्यांनी तिथं बोट लावून बघितलं, बोटाला चिकटलं. "खालची लांबी शाबूत हाय का?" मी म्हटलं आहे. "मग काय गेलं? वरचं गेलं."

पावसाळाभर टाकी नुसत्या इपॉक्सी प्रायमरमध्ये गुंडाळून ठेवली. दमट हवेत रंग मारूच नये, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी छटा येते. ते चार महिने मला वाटलं होतं तसे कंटाळवाणे गेले नाहीत. मडगार्ड आणि साइड पॅनेल उतरवून तेही घासले, हात फिरवत.

नवरात्रात हवा कोरडी झाली. कॉम्प्रेसर आणि गन भाड्यानं आणली, गोठ्याच्या भिंती आणि जमीन पाणी मारून ओली केली म्हणजे धूळ बसते, टाकी थिनरच्या फडक्यानं पुसली आणि परत हात लावला नाही, बोटाचा तेलकटपणा राहिला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. लाल रंग फोटो आणि मूळ रंगाची एक खपली नेऊन जुळवून घेतला होता. तीन पातळ हात. क्लिअर मात्र मी मारला नाही, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला फार वाईट, घरच्या कापडी मास्कनं ते अडत नाही. हायवेकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये रंग मारायचा बंद बूथ आहे, तिथं नेऊन दिली. नवशिक्यानं स्वतः काय करावं आणि कुठं हात आवरावा हे ओळखण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

राहिली रेघ. जुन्या गाड्यांच्या टाकीला बारीक रेघ असते तशी एक साईच्या रंगाची रेघ मला हवी होती, आणि ती स्टिकरची नको होती. गळीत हंगामाच्या आधी आमच्याकडं ट्रॉल्या रंगवून घेतात, त्या रंगवणारे एक पेंटर काका आहेत, फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्यांचं काम गेलं पण ट्रॉल्यांवरची नावं अजून तेच काढतात. त्यांच्याकडं खारीच्या केसांचा लांब ब्रश आहे. टाकी क्लिअरला द्यायच्या आधीच मी त्यांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले, रेघ आधी मारू आणि मग वरून क्लिअर, म्हणजे रेघेची कड दबून जाईल, नख फिरवलं तरी लागणार नाही, पक्कं काम तेच. ते खरंच होतं, सगळे तसंच करतात.

मी म्हटलं, "काका, उलटं करायचं. क्लिअरच्या वर मारा. आणि कड दबायला नको."

ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले, म्हणाले, पेट्रोल सांडलं तर जाईल. मी म्हटलं झाकणापासून लांब ठेवू, आणि गेली तर परत मारू. मग मी अण्णांचं सांगितलं. क्लिअर होऊन टाकी आल्यावर काकांनी ब्रश दोनदा एनॅमलमध्ये बुडवून पुठ्ठ्यावर ओढून बघितला, श्वास धरला, आणि टाकीच्या पुढच्या खोबणीपासून गुडघ्याच्या वरून मागच्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढली. मग म्हणाले, वाळू दे, ह्याच्यावरनंच अजून एक हात देतो, म्हणजे जरा उंच होईल.

दसऱ्याला गाडी अंगणात घेतली. आईनं हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. अण्णांना हात धरून आणलं, ते सवयीनं डाव्या बाजूनंच चढले, दोन्ही गुडघे टाकीला टेकवले आणि तसेच बसले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग डावा हात टाकीवर आला, तळहात, झाकणाकडून खाली, आणि रेघेपाशी थांबला. आता तळहात उचलला आणि तर्जनी टेकवली. पुढं गेले, खोबणीपर्यंत. परत मागं आले, सीटपर्यंत.

"ही कसली रेघ?"

"पेंटर काकांनी मारलीय. साईच्या रंगाची."

"उंच हाय."

"हो."

"पलीकडं पण हाय का?" मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "थांब, सांगू नको." आणि खाली उतरले, एक हात सीटवर ठेवून, कॅरियरवरून, टेललाइटवरून हळूहळू फिरत, हाराचा एक झेंडू खाली पाडत, ते गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले.